पायलटची नोकरी : आधी हिशेब, मग उड्डाण

मालेगावहून आग्रा रोडने निघाले की पन्नास किलोमीटरवर धुळे लागते. धुळ्याजवळ गोंदूरची धावपट्टी आहे. तेथून लहान लहान विमाने वर जातात, गिरक्या घेतात आणि परत उतरतात. ही विमाने शिकाऊ पायलटांची आहेत. १९२८ साली मुंबईत स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण आता येथे चालते. एस.टी.च्या खिडकीतून ती विमाने पाहणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या मनात एक प्रश्न येतोच : ‘आपल्याला जमेल का हे?’

मागे एका शुक्रवारी, म्हणजे आमच्या मालेगावात माग बंद असतात त्या दिवशी, आमच्या वस्तीतील एक गृहस्थ माझ्या घरी आले. वस्तीत सगळे त्यांना नाना म्हणतात. पंचवीस वर्षे यंत्रमागावर काम करून त्यांनी दोन खोल्यांचे घर बांधले. मुलगा बारावी सायन्सला, मुलगी नववीत. नानांच्या हातात एका खासगी संस्थेचे गुळगुळीत कागदावरचे माहितीपत्रक होते. वर टोपीतल्या पायलटचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत ‘शंभर टक्के नोकरीची हमी’.

“भाऊ, तुम्ही हिशेबातले माणूस. एवढे वाचून सांगा. पोराला पायलट व्हायचे आहे. गावाकडचा जमिनीचा तुकडा विकतो, घर पतसंस्थेत गहाण टाकतो. पंचवीस लाख उभे राहतील. बाकीचे बँक देते म्हणाले ते लोक.”

मी म्हणालो, “नाना, सही करायच्या आधी दोन दिवस थांबा.” त्या दोन दिवसांत आणि पुढेही मी जी माहिती जमविली, ती नानांप्रमाणेच इतर पालकांच्याही उपयोगी पडावी म्हणून हा लेख.

मागणी आहे, हे खरे

आपल्या देशात विमान प्रवास वाढतो आहे यात शंका नाही. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० विमानांची मागणी नोंदविली. इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची नोंदविली. अकासा कंपनीने जानेवारी २०२४ मध्ये १५० विमाने मागविली. पुढील पंधरा-वीस वर्षांत देशाला तीस हजार पायलट लागतील, असे केंद्रीय नागरी विमान वाहतूक मंत्र्यांनी २०२५ मध्ये सांगितले.

एवढे पायलट कशाला लागतात, असे कोणालाही वाटेल. हिशेब सोपा आहे. एक विमान दिवसाला बारा तास उडते असे धरा. वर्षाचे ४,३८० तास झाले. प्रत्येक उड्डाणाला दोन पायलट, म्हणजे ८,७६० तासांचे काम. एका पायलटने वर्षात हजार तासांपेक्षा जास्त उडू नये असा नियम आहे. म्हणजे एका विमानामागे नऊ पायलट तर लागलेच. रजा, आजारपण, विश्रांती, चाचण्या हे सर्व धरले की आकडा दहा-बाराच्या पुढे जातो.

विश्रांतीचे नियम कडक झाले की हा आकडा आणखी वाढतो. २०२५ मध्ये पायलटांची आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तास करण्यात आली आणि रात्रीच्या उतरण्यांवर मर्यादा आली. इंडिगोची तयारी अपुरी पडली. डिसेंबर २०२५ मध्ये तिची हजारो उड्डाणे रद्द झाली आणि प्रवासी विमानतळांवर अडकून पडले. ते पाहून पुष्कळांनी अनुमान काढले, की आता पायलट होईल त्याला कंपन्या घरी येऊन घेऊन जातील. येथेच आपली फसगत होते.

टंचाई कोणाची?

विमानात दोन पायलट बसतात. एक कॅप्टन आणि दुसरा फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट. नवा परवाना घेतलेला मुलगा फर्स्ट ऑफिसर म्हणूनच लागतो. कॅप्टनला वरच्या दर्जाचा परवाना लागतो, त्यासाठी किमान १,५०० तासांचे उड्डाण लागते. ते जमायला नोकरीतली काही वर्षे जातात.

आता डिसेंबर २०२५ मध्ये पुढे आलेले इंडिगोचे आकडे पाहा. एअरबस ३२० जातीच्या विमानांसाठी नव्या नियमांप्रमाणे कंपनीला २,४२२ कॅप्टन हवे होते, हाताशी होते २,३५७. म्हणजे ६५ कमी. फर्स्ट ऑफिसर हवे होते २,१५३, हाताशी होते २,१९४. म्हणजे ४१ जास्त. ज्या कंपनीची विमाने पायलटअभावी उभी राहिली, तिच्याकडेच को-पायलट गरजेपेक्षा जास्त होते! कमतरता अनुभवी माणसांची होती.

दुसरा आकडा परवान्यांचा. व्यावसायिक पायलटचा परवाना २०२३ मध्ये देशात सोळाशेहून अधिक जणांना मिळाला. २०२४ मध्येही तेराशेच्या घरात मिळाले. या सर्वांना त्याच वर्षी नोकरी लागत नाही. कंपन्या आपल्या गरजेप्रमाणे, परीक्षा आणि मुलाखती घेऊन माणसे उचलतात. शिवाय मोठ्या कंपन्या स्वतःच्या ‘कॅडेट’ योजनेतून मुले तयार करून घेतात. त्या योजनांचा खर्च कोटीच्या आसपास किंवा वर जातो. बाहेरून परवाना घेऊन आलेल्या मुलाला या रांगेच्या मागे उभे राहावे लागते. कोणाला सहा महिने, कोणाला दोन-तीन वर्षे.

आणि हा परवाना पदवीसारखा भिंतीला लावून ठेवता येत नाही. वैद्यकीय तपासणी ठरावीक मुदतीने करावी लागते. ढगांतून, केवळ उपकरणांच्या आधारे विमान चालविण्याची पात्रता चाचणी देऊन चालू ठेवावी लागते. नोकरी नसली तरी हा खर्च चुकत नाही.

खर्चाचा कागद

भारतात दोनशे तासांचे उड्डाण पूर्ण करून परवाना घेण्यास साधारण चाळीस ते साठ लाख रुपये लागतात. एवढ्यावर भागत नाही. प्रवासी विमान चालविण्यासाठी त्या विशिष्ट जातीच्या विमानाचे, म्हणजे एअरबस ३२० किंवा बोइंग ७३७ चे, वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते. त्याचे आणखी पंधरा-वीस लाख. हे बहुतेक वेळा उमेदवारालाच भरावे लागतात.

नानांसाठी मी एक कोरा कागद घेतला आणि फक्त पन्नास लाखांचे कर्ज मांडले. दहा टक्के व्याज, पंधरा वर्षे मुदत. महिन्याचा हप्ता सुमारे ५३,७०० रुपये. एकूण फेड शहाण्णव लाखांच्या वर. नोकरी लागेपर्यंत नुसते व्याजच महिन्याला ४१,६६७ रुपये.

नाना कागदाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “भाऊ, पण पायलटला पगार लाखात असतो ना?”

असतो. नव्या को-पायलटला प्रशिक्षणाचा काळ संपल्यावर महिन्याला दीड-दोन लाखांच्या घरात, तर अनुभवी कॅप्टनला पाच लाखांहून अधिक मिळतात. नोकरी वेळेवर लागली तर हप्ता भरून घर वर येते. प्रश्न त्या ‘वेळेवर’ या शब्दाचा आहे. ज्याच्या वडिलांची दोन दुकाने आहेत तो मुलगा तीन वर्षे थांबू शकतो. आपला मुलगा तीन महिने थांबला तर पतसंस्थेची नोटीस दारात येते.

याहून मोठा धोका अर्धवट राहण्याचा आहे. शंभर-सव्वाशे तास झाले आणि पैसे संपले, तर हातात काहीच पडत नाही. परवान्यासाठी मोजले जाणारे उड्डाणाचे तास मागील पाच वर्षांतले असावे लागतात. त्यामुळे ‘पुढे पैसे जमले की उरलेले करू’ हे येथे चालत नाही. राहिला बँकेचा प्रश्न. साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला साधारणपणे तारण लागत नाही. त्यापुढे बँक तारण मागते. नानांचे घर तर आधीच पतसंस्थेत गहाण पडणार होते. मग बँकेपुढे ठेवणार काय? माहितीपत्रकात यावर एक ओळ नव्हती.

कंपन्या उगवतात आणि मावळतात

विमान कंपनीचा धंदा बाहेरून झगझगीत, आतून नाजूक. १९५३ मध्ये सरकारने विमान वाहतूक ताब्यात घेतली आणि एअर इंडिया व इंडियन एअरलाइन्स सरकारच्या झाल्या. नव्वदच्या दशकात धोरण बदलले, १९९४ मध्ये जुना कायदा रद्द झाला. ईस्ट-वेस्ट, दमानिया, मोदीलुफ्त अशा कंपन्या आल्या आणि त्याच दशकात बंद पडल्या. किंगफिशर २०१२ मध्ये थांबली. जेट एअरवेजचे शेवटचे विमान एप्रिल २०१९ मध्ये उतरले. २०२० मध्ये कोरोनाने सगळ्यांनाच जमिनीवर आणले. गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद झाली. प्रत्येक वेळी शेकडो अनुभवी पायलट बाजारात आले आणि त्याच जागांसाठी नव्या मुलांच्या पुढे उभे राहिले.

आपल्या समाजाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची. एअर इंडिया सरकारी होती तोवर तिच्या भरतीला आरक्षण लागू होते. २७ जानेवारी २०२२ रोजी ती टाटा समूहाकडे गेली. आज देशातील मोठ्या प्रवासी विमान कंपन्या खासगी आहेत आणि खासगी कंपनीत आरक्षण नाही. दार बंद झाल्याचा आवाजही फारसा कोणी ऐकला नाही.

सरकारच्या खर्चाने आकाशात

मग आपल्या मुलांनी पायलट होऊच नये काय? असे मी मुळीच म्हणत नाही. घर न विकता जाण्याची एक जुनी आणि भक्कम वाट आहे, ती म्हणजे हवाई दल.

बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेतलेला मुलगा किंवा मुलगी खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी, म्हणजे एनडीएसाठी, परीक्षा देऊ शकते. केंद्रीय लोकसेवा आयोग ही परीक्षा वर्षातून दोनदा घेतो. वय साधारण साडेसोळा ते साडेएकोणीस लागते. अनुसूचित जातीच्या उमेदवारांना आणि सर्व मुलींना परीक्षेची फी नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर मुलींनाही हे दार उघडले आणि २०२२ मध्ये त्यांची पहिली तुकडी दाखल झाली. निवड झाली की शिक्षण, राहणे, जेवण आणि विमान शिकविण्याचा सगळा खर्च सरकारचा. येथे आरक्षण नाही, हे आधीच सांगून ठेवतो. लेखी परीक्षा, पाच दिवसांची मुलाखत आणि कडक वैद्यकीय तपासणी यांतून स्वतःच्या बळावर जावे लागते.

या परीक्षेच्या तयारीसाठी राज्य सरकारची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था १९७७ पासून औरंगाबादला, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरला आहे. दहावीनंतर मुलांना तेथे प्रवेश परीक्षेने घेतात आणि अकरावी-बारावीबरोबर एनडीएची तयारी करून घेतात. मुलींसाठी अशीच संस्था २०२३ मध्ये आपल्या नाशिकला सुरू झाली. मालेगावच्या मुलीला आता त्यासाठी जिल्हाही सोडावा लागत नाही!

हवाई दलातील सेवा संपल्यावर अनेक वैमानिक नागरी विमान कंपन्यांत येतात. २०२० मध्ये कोझिकोडच्या अपघातात मृत्यू पावलेले कॅप्टन दीपक साठे याच वाटेने आले होते. एनडीए, हवाई दल, मग चाचणी वैमानिक आणि त्यानंतर एअर इंडिया. मुलींचे म्हणाल, तर कॅप्टन सौदामिनी देशमुख या मराठी बाईंनी १९८५ मध्येच सर्व महिला कर्मचारी असलेल्या विमानाचे नेतृत्व केले. जगाच्या मानाने भारतात महिला पायलटांचे प्रमाण पुष्कळ जास्त आहे. तेव्हा ‘पोरीच्या जातीला हे कशाला’ असे कोणी म्हणाले तर हे उदाहरण पुढे ठेवावे.

पायलटशिवायही नोकऱ्या आहेत

विमान आकाशात असते तेव्हा खाली मनोऱ्यात बसून त्याला वाट दाखविणारा माणूस असतो. त्याला हवाई वाहतूक नियंत्रक म्हणतात. ही भरती भारतीय विमानतळ प्राधिकरण करते. ते केंद्र सरकारचे आहे, त्यामुळे येथे आरक्षण लागू आहे आणि अनुसूचित जातीला अर्जाची फी माफ आहे. पात्रता काय, तर भौतिकशास्त्र व गणितासह बी.एस्सी. किंवा इंजिनिअरिंग. २०२५ मध्ये या पदाच्या ३०९ जागा निघाल्या. मूळ पगारश्रेणी ४०,००० रुपयांपासून सुरू होते. पन्नास लाख लागत नाहीत. लागते ते बी.एस्सी.चे शिक्षण आणि चांगले इंग्रजी. आपल्याकडे किती पालकांना या पदाचे नाव ठाऊक आहे?

आय.टी.आय. झालेल्या मुलांसाठी ओझरचा हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना आहे. मिग आणि सुखोई ही लढाऊ विमाने तेथे तयार झाली, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तेथे बनलेल्या तेजस विमानाचे पहिले उड्डाण झाले. तेथील शिकाऊ उमेदवारांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवावे.

मागणी कोणाकडे करायची?

पायलटच्या शिक्षणाला सरकारी मदत अजिबात नाही असे नाही. अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्राची ‘टॉप क्लास’ शिक्षण योजना आहे. तिच्यात खासगी फ्लाइंग क्लबमधील प्रशिक्षणासाठी वर्षाला ३ लाख ७२ हजार रुपयांची मर्यादा ठरविली गेली. दोन वर्षांचे ७ लाख ४४ हजार. उरलेले बेचाळीस लाख मागावर काम करणाऱ्या बापाने कोठून आणायचे? गुजरात सरकारने या प्रशिक्षणासाठी २५ लाखांपर्यंतचे कर्ज चार टक्के व्याजाने देण्याची योजना केली. आपल्या राज्यात महाज्योती संस्थेने इतर मागास, विमुक्त जाती-भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील वीस मुलांसाठी नागपूर फ्लाइंग क्लबमध्ये प्रशिक्षणाची योजना आखली. म्हणजे हे करता येते. अनुसूचित जातीच्या मुलांसाठी बार्टीमार्फत कायमची, पूर्ण खर्चाची योजना हवी, ही मागणी आपण गावोगावच्या मंडळांतून, समाजकल्याण कार्यालयांत आणि आमदारांपुढे लेखी मांडली पाहिजे. १९१३ साली बाबासाहेब अमेरिकेला गेले ते बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर. हुशार मुलाच्या मागे राज्याने उभे राहिले की काय घडते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक आहे?

पालकांनी एवढे जरूर करावे

१) एक रुपयाही भरण्याआधी मान्यताप्राप्त डॉक्टरांकडून मुलाची पायलटसाठीची वैद्यकीय तपासणी करून घ्यावी. रंगांधळेपणासारखा दोष पैसे भरल्यावर कळला तर काय उपयोग?

२) फ्लाइंग स्कूलला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मान्यता आहे का ते पाहावे. या महासंचालनालयाने सप्टेंबर २०२५ मध्ये प्रथमच ३५ संस्थांची प्रतवारी जाहीर केली. पहिल्या दर्जात एकही संस्था बसली नाही. १३ संस्था ‘बी’ आणि २२ संस्था ‘सी’ दर्जात आल्या. ही यादी पाहिल्याशिवाय सही करू नये.

३) संस्थेकडे चालू स्थितीतील विमाने किती, शिक्षक किती आणि दोनशे तास प्रत्यक्षात किती महिन्यांत होतात, हे तेथे शिकणाऱ्या मुलांना विचारावे. कार्यालयातील माणसाला नव्हे.

४) ‘नोकरीची हमी’ म्हटले की ती लेखी मागावी. नोकरी न लागल्यास पैसे परत मिळतील काय, हे त्याच कागदावर लिहून घ्यावे.

५) उड्डाणाआधी किंवा त्याबरोबर हवाई मार्ग, हवामान, नियम आणि विमानाचे तंत्र या विषयांच्या परीक्षा द्याव्या लागतात. सत्तर टक्के गुण लागतात. पुस्तके घरी आणून अभ्यास झेपतो का ते आधी अजमावावे.

६) जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवावा. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना केंद्राच्या सवलती लागू झाल्या, परंतु चुकीच्या नमुन्यामुळे ऐनवेळी अर्ज अडतो. शैक्षणिक कर्जासाठी महात्मा फुले महामंडळाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी.

दोन दिवसांनी नाना पुन्हा आले. बरोबर मुलगा होता. तो थोडा रागावलेला दिसला, आणि त्याचा राग मला समजत होता. त्याच्या स्वप्नाला मी आकड्यांनी अडविले होते. मी त्याला म्हणालो, “बाळा, तुला वर जाऊ नको असे कोणी म्हणत नाही. तुझ्यापाशी एनडीएसाठी अजून दोन संधी आहेत. त्या दे. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र घे, म्हणजे विमानतळाची वाट उघडी राहील. नोकरीला लागल्यावर स्वतःच्या पगारावर परवान्याचा विचार कर. पण वडिलांचे छप्पर त्यात घालू नकोस.” तो काही बोलला नाही. जाताना मात्र माझ्याकडचा अभ्यासक्रमाचा कागद मागून घेतला.

त्याच संध्याकाळी नानांची मुलगी एकटीच आली. दारात उभी राहून म्हणाली, “काका, जयभीम. नाशिकच्या मुलींच्या शाळेचा फॉर्म कधी निघतो?” तिच्यासाठी कोणी माहितीपत्रक आणले नव्हते. घरात चाललेले बोलणे तिने ऐकले होते, एवढेच. दहावीत गेल्यावर तिने तो फॉर्म भरायचा, असे नानांनी आता कबूल केले आहे. तोपर्यंत रोज संध्याकाळी ती गणिताची वही घेऊन आमच्या ओट्यावर बसते.

नानांचे घर गहाण पडले नाही. आपल्या वस्तीत असे आणखी कोणी माहितीपत्रक घेऊन फिरत असेल, तर त्याला हा अंक वाचायला द्या आणि सही करण्याआधी एकदा कागद-पेन्सिल घेऊन बसायला सांगा.